बोगन्सचा पगार आणि नेट्सचे पिक

‘फ्री एजंट, म्हणजे करार संपलेला खेळाडू, कुठल्याच संघाचा नसतो, मग तो ट्रेडमध्ये (संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीत) येतो कसा?’ हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला २०१३ चा ब्रुकलिन नेट्स-बॉस्टन सेल्टिक्स सौदा बघा. नेट्सना बॉस्टनचे स्टार पॉल पिअर्स आणि केविन गार्नेट हवे होते, पण दोन्ही बाजूंच्या खेळाडूंच्या पगारांचा मेळ बसेना. मग नेट्सने आपल्याच, करार संपलेल्या कीथ बोगन्सला वर्षाला ५० लाख डॉलरहून जास्त पगारावर साइन केलं आणि त्याच दमात बॉस्टनला धाडलं. साइन-अँड-ट्रेड ते हेच. बोगन्स तिथे जेमतेम ६ सामने खेळला. वजनकाट्यावरचा दगड म्हणा ना!

खरी किंमत मात्र पिकची, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायच्या पाळ्यांची. पुढच्या सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देता येत नाहीत, म्हणून २०१४, २०१६, २०१८ असे एकाआड एक दिले. २०१७ साठी बॉस्टनला नुसता आपला पिक नेट्सच्या पिकशी बदलून घ्यायचा हक्क. म्हणजे नियम शाबूत आणि नेट्स मात्र नागवे. पुढे नेट्स गाळात गेले, त्यामुळे त्यांचे पिक वरचे ठरले आणि २०१६ ला बॉस्टनला तिसरा पिक लागला: जेलन ब्राउन. २०१७ ला तर थेट पहिला! तो फिलाडेल्फियाला देऊन बॉस्टनने तिसरा पिक आणि वर एक जादा पिक उकळला, आणि त्या तिसऱ्यावर जेसन टेटम उचलला.

पिअर्स नेट्सकडे एकच हंगाम टिकला.