नव्या डांबरी रस्त्यावर रात्री कडच दिसत नाही, अर्जात काय मागू?

घाटाखालचा:
मंडळी, सल्ला हवाय. गावाहून तालुक्याला जाणारा आमचा दुपदरी रस्ता मार्चमध्ये नव्याने झाला. दिवसा लोण्यासारखा, रात्री नुसता काळोख, कारण पट्टे मारलेच नाहीत. परवा समोरून ट्रक फुल लाइट टाकून आला, डिपर देईना, आणि माझं डावं चाक साइडपट्टीवर उतरलं. तिथे वीतभर पायरी आहे. टायर गेला, आम्ही वाचलो. आता ग्रामपंचायतीतर्फे अर्ज करतोय.

डांबरट:
आधी कडेचा पांढरा पट्टा मागा, मधला नंतर. डोळे दिपले की नजर त्या डाव्या पट्ट्यावर टाकायची, गाडी सरळ राहते. 'थर्मोप्लास्टिक (म्हणजे गरम वितळवून ओततात तो रंग), काचेच्या मण्यांसह' असं स्पष्ट लिहा, नाहीतर साधा रंग फासून जातील. हे मणी साखरेच्या दाण्याहून बारीक असतात. हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत पाठवतात, म्हणून पट्टा चमकतो. काम चालू असताना स्वतः उभे राहा. पट्टा गरम असतानाच मणी पडले तर रुततात, गार झाल्यावर भुरभुरवले तर हाताने झाडून निघतात. आणि हे काम कोरड्या रस्त्यावरच होतं, त्यामुळे पाऊस उघडू द्या.

रातपाळी_एसटी:
पट्टे ठीक, पण भर पावसात त्यांच्यावर पाण्याचा पापुद्रा बसला की मणी आंधळे. तेव्हा कॅट आय, म्हणजे रस्त्यात बसवलेले चमकते ठोकळे, तेच कामाला येतात, पाण्याच्या वर डोकं काढून असतात ना. सगळीकडे मागितलेत तर पैसे नाहीत म्हणतील. वळणं, मोऱ्या, अरुंद पूल एवढे धरून बसा. झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे, त्यालाही हसू नका. चिंचेच्या ओळीवरून मी कित्येक वळणं आधीच ओळखलीत.

उसाचाफड:
कारखाने सुरू झाले की जोडट्रॉल्या त्याच पट्ट्यावर अंधारात उभ्या राहणार, त्याचं काय? गेल्या हंगामात आम्ही पोरांनी वजनकाट्याच्या रांगेत जाऊन मागच्या फळ्यांना लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवली. आधी फळी फडक्याने पुसा, चिखलावर टेप धरत नाही.

घाटाखालचा:
झकास. पण अर्ज द्यायचा कुणाकडे?

डांबरट:
किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, १०३३ वर फोन लावा. हिरवं असेल तर राज्य मार्ग, मग बांधकाम खात्याचे उपअभियंता. पोच घ्यायला विसरू नका.

घाटाखालचा:
आमचा दगड गळ्यापर्यंत मुरमात गाडलाय. उद्या खोरं घेऊन जातो.