जॅकेट परत आलं, पण बुरशी धरून

(सोसायटीत कपडे एकमेकांना वापरायला देण्याचा ग्रुप; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

सोमवार, रात्री ९:१०

ए-७०३
काळं लेदर जॅकेट काल परत आलं. दोन फोटो टाकलेत, मोठे करून बघा. कॉलरखालच्या दुमडीत आणि काखेच्या शिवणीवर पिठासारखं पांढरं दिसतंय ती बुरशी आहे. कुबट वासही धरलाय. कोणाला बोल लावायला लिहीत नाहीये, पण मला खरंच वाईट वाटलं. १९९६ पासून जपलेलं आहे ते.

बी-११०३
काकू, माझ्याकडूनच झालं हे. मेअखेरीस मनालीहून आलो, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून कपाटात टांगलं, आणि द्यायचं राहूनच गेलं. मध्ये एकदाही उघडून बघितलं नाही. मनापासून माफी मागतो. जो काही खर्च येईल तो मी देतो.

डी-३०५
त्याने कबूल केलं हे चांगलंच. पण आता आपण नियम करायला हवा. महागाच्या कपड्याला दोन हजार डिपॉझिट घ्या. शेरवानी, शालू, जॅकेट, सगळ्याला. वस्तू नीट परत आली की पैसे परत.

बी-९०२
मला तर वाटतं जॅकेट फिरवणंच थांबवावं. साड्यांचं ठीक आहे, पण ही ताईंची इतक्या वर्षांची वस्तू. आपण किती जण वापरणार आणि ती किती दिवस टिकणार?

सी-२०४
आमच्या लेकीने सप्टेंबरमध्ये डब्लिनला जाताना न्यायचं म्हणून मागितलं होतं. ताई, असं असेल तर राहू दे. आम्ही तिला दुसरं काहीतरी घेऊन देऊ.

ए-७०३
नाही हो, तिचं नाव मागे घेऊ नका. जरा लांबलचक लिहिते, पण सगळ्यांनी वाचा.

हे जॅकेट मी माझ्या पहिल्या बोनसमधून शिवून घेतलं. ऑफिसने नोव्हेंबरात सहा आठवड्यांसाठी मँचेस्टरला पाठवलं होतं आणि माझ्याकडे गरम म्हणजे एक स्वेटर. धारावीत काळा किल्ल्याजवळ लेदरची दुकानं आहेत, तिथे गेले. मापं घेणारे चाचा वयस्क होते. त्यांनी आधी दोन कातडी माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून चोळायला सांगितलं. एक लोण्यासारखं मऊ, ते मेंढीचं. दुसरं जरा दाणेदार, ते बकरीचं. म्हणाले, मेंढीचं आज छान दिसेल, बकरीचं वीस वर्षांनी छान दिसेल. मी बकरीचं घेतलं. खाकी कागदावर बाही कापताना त्यांनी मला कोपर वाकवून उभं राहायला लावलं होतं, बस पकडताना दांडीला लटकतो तसं. म्हणून आजही हे जॅकेट घालून हात वर केला तरी पाठीला ओढत नाही. घालणाऱ्या प्रत्येकीने ही गोष्ट मला आपणहून सांगितली आहे.

परत आल्यावर ते कपाटातच पडून राहिलं असतं, ठाण्यात लेदर घालायची थंडी पडते कुठे? पण ७:५२ च्या लोकलच्या लेडीज डब्यात आम्ही चौघी होतो. साड्या, मोत्यांचे सर, सिल्कचे ब्लाऊज, सगळं एकमेकींत फिरायचं. एकीचा नवरा दिल्लीला बदलून गेला तेव्हा ती जानेवारीत हे घेऊन गेली. दुसरी भावाच्या लग्नाला शिमल्याला. चौघींची अंगं चार तऱ्हेची, तरी सगळ्यांना बसायचं, कारण चामडं अंगाच्या उबेने थोडं थोडं सैलावतं. उजव्या कोपरावरच्या त्या तीन सुरकुत्या माझ्या नाहीत, दिल्लीवालीच्या आहेत. अस्तर फाटलं तेव्हा तिसरीने तिच्या आईची विरलेली नारायणपेठी उसवून आतून लावली. तुम्ही घातलंय त्यांनी बघितलं असेल, आतला तो लालसर काठ.

तेव्हा हे माझं एकटीचं आहे असं मला वाटतच नाही. बंद करून ठेवलं तर काय होतं ते या दोन महिन्यांनी दाखवलंच ना? बिघडलं ते घालून नाही, कोंडून. आणि डिपॉझिट नको. डब्यातल्या आम्हा चौघींपैकी एकीकडे तेव्हा महिनाअखेरीला शंभर रुपये नसायचे. डिपॉझिट असतं तर तिने मागितलंच नसतं. आपल्या ग्रुपवरही तशी मुलं आहेत आणि त्यांना ते इथे लिहावं लागू नये.

डी-३०५
ताई, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. डिपॉझिटचं मागे घेतो. पण मग वस्तू नीट राहणार कशी?

ए-७०३
बिघडवलं त्याने दुरुस्तीला हजर राहायचं, एवढं पुरे. एकदा स्वतःच्या हाताने बुरशी पुसली की माणूस विसरत नाही.

बी-९०२
पटलं ताई. पण इतकी बुरशी जाते का? सरळ ड्रायक्लीनला टाकू या.

ए-७०३
नेहमीच्या ड्रायक्लीनिंगला अजिबात नाही. त्या रसायनाने चामड्यातलं तेल निघून जातं आणि ते पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. लेदरचं काम वेगळं करणारे असतात, पण त्याची गरज नाही पडणार. बुरशी वरवर आहे, नखाने हलकं खरवडून बघितलं, खालचं चामडं शाबूत आहे.

बुरशी चामडं कमी आणि त्याच्यावरचा घाम, मळ, तेल जास्त खाते. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असतो. प्लास्टिकमध्ये तो दमटपणा आत अडकतो, वारा लागत नाही, मग आठवड्याभरातही उगवते. जुना सुती पलंगपोस घातला असता तर धूळही बसली नसती आणि हेही झालं नसतं.

बी-९०२
खोबरेल तेल लावलं तर? आमचे सासरे कोल्हापुरी वहाणांना तेल लावून वर्षानुवर्षं वापरायचे.

ए-७०३
कोल्हापुरीचं वेगळं. ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते जाड असतं आणि तेल पिऊन मुरतं. जॅकेटचं चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, पातळ. खोबरेल लावलं तर डाग पडतात, अस्तराला तेल उतरतं, आणि पुढच्या पावसात त्याच तेलावर बुरशी परत येते. मी १९९९ ला हीच चूक केली होती. डाव्या खिशाजवळचा गडद डाग तेव्हाचा आहे.

मंगळवार, सकाळी ७:४०

डी-४०२
ताई, एक विनंती. आमच्या घरी चामडं वापरत नाही आणि सोसायटी ऑफिसमधल्या आपल्या कपाटात माझ्या सासूबाईंच्या पूजेच्या दोन नऊवाऱ्या आहेत. जॅकेट वेगळ्या खणात ठेवता येईल का? गैरसमज नसावा.

ए-७०३
गैरसमज कसला, बरं झालं सांगितलंत. ते बरं होईपर्यंत कपाटात नकोच, नाहीतर बुरशी साड्यांवरही जाईल. नंतरही माझ्याकडेच ठेवेन, कपाटाच्या दारावर फक्त चिठ्ठी लावू. आजच नऊवाऱ्या एकदा उलगडून बघा.

ई-६०५
काकू, मी मित्रांबरोबर याच महिनाअखेरीस बाइकने मनालीहून लेहला निघतोय. जॅकेट बरं झालं तर मला मिळेल का? लेदर रायडिंगला चांगलं म्हणतात.

ए-७०३
यासाठी नाही देणार रे, आणि कारण नीट ऐक. रायडिंगच्या जॅकेटचं चामडं जाड असतं, खांद्याला, कोपराला आणि पाठीला आत पॅड असतात. यात काहीच नाही. रस्त्यावर घसरलास तर हे तुला वाचवणार नाही. वारा अडवेल, पण पाऊस लागला की पाणी पितं, आणि वाटेतल्या सरचूच्या थंडीत भिजलेलं लेदर वाळायला दोन दिवस लागतात. तेवढे दिवस काय घालशील? आणि लेहच्या पुढे खार्दुंगला खिंडीपर्यंत गेलास तर तिची उंची ५,३५९ मीटर आहे. तिथे शोभेच्या जॅकेटमध्ये पोहोचलेलं मला बघायचं नाही.

बी-११०३
हो रे, काकू बरोबर सांगतायत. मी मनालीला बाजारात फिरायला वापरलं होतं, गाडीवर नाही. माझं रायडिंग जॅकेट आणि कोपर-गुडघ्याचे गार्ड आहेत, ते घेऊन जा. उद्या संध्याकाळी ये.

ई-६०५
येतो दादा. धन्यवाद काकू.

ए-७०३
रविवारी सकाळी दहाला ए विंगच्या गच्चीवरच्या शेडखाली. बी-११०३ येणार, डब्लिनवालीनेही यावं. बुरशी उघड्यावरच झाडायची, घरात नाही, आणि तोंडाला रुमाल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, आधी आतल्या काठावर लावून रंग उतरत नाही ना ते बघायचं. कापड पांढरं आणि सुती आणा, रंगीत कापडाचा रंग लागतो. कापड ओलसर हवं, ओलं नको. मग पंख्याखाली सावलीत दोन दिवस. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, इस्त्री तर नाहीच. पूर्ण वाळल्यावर लेदर क्रीम, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

रविवार, दुपारी १:१५

बी-११०३
झालं. अडीच तास लागले. नवे फोटो टाकलेत. कॉलर स्वच्छ निघाली. काखेपाशी फिकट सावली राहिली आहे, काकू म्हणाल्या ती तशीच राहील. कापड चार वेळा बदलावं लागलं. पुढची चेन अडकत होती, तिच्यावर मेणबत्ती घासली, आता एका हाताने वर जाते. व्हिनेगरचा वास आहे अजून, पण कुबट वास गेला.

सी-२०४
लेक घरी येऊन तासभर त्या नारायणपेठीबद्दलच बोलत होती. ताई, तुमच्या मैत्रिणीला सांगा.

ए-७०३
फोन करते तिला आजच. नागपूरला असते आता, खूश होईल.

सी-२०४ (लेक)
काकू, डब्लिनला म्हणे कधीही पाऊस येतो. भिजलं तर काय करू?

ए-७०३
टॉवेलने टिपून घे, घासू नकोस. रुंद खांद्याच्या हँगरला अडकव, चेन उघडी ठेव, खिशात कागदाचे बोळे. खोलीतल्या हीटरवर टाकायचा मोह होईल, तिथून लांब ठेव. आणि घालताना डाव्या बाहीची चेन आधी पूर्ण उघड, तिथे ती अस्तराचा काठ धरते.