संयम की भरवसा?
अतिखाणं, उधळपट्टी म्हणजे 'मनाचा दुबळेपणा' असं म्हणताना मार्शमेलोच्या (एका मऊ, गोड मिठाईच्या) प्रयोगाचा दाखला दिला जातो: समोरचा लगेच न खाता थांबलं तर आणखी एक मिळेल, आणि थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो सुरू केला. २०१८मध्ये मोठ्या गटावर पुन्हा तपासल्यावर, घरची परिस्थिती जमेस धरताच हा संबंध बराच क्षीण झाला. त्यामुळे अतिखाण्याला, उधळपट्टीला सरसकट 'मनाचा दुबळेपणा' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. २०१३चा अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा प्रयोगही बघा. आधी शब्द मोडलेल्या माणसासमोर मुलं सरासरी ३ मिनिटं थांबली, शब्द पाळणाऱ्यासमोर १२. मुलांची विभागणी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) होती, म्हणजे हा फरक स्वभावाचा नव्हता, भरवशाचा होता.