दुसऱ्या महिन्यात कोकरांची वाढ अडली, मेंढ्यांचा खुराक वाढवू का?

खंडवारोड_मेंढ्या (सिमरोल, इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही सिमरोलच्या अलीकडे राहतो. घरी ३४ मेंढ्या आहेत, त्यातल्या २२ पौषात व्याल्या. जात म्हणाल तर मिसळ. राजस्थानचे कळपवाले दरवर्षी इकडून जातात, त्यांच्याकडून बाबांनी वेळोवेळी घेतलेल्या. अंगाने ३०-३२ किलोच्या.

दिवसा मटार आणि हरभरा निघालेल्या शेतांत चरतात. संध्याकाळी वाड्यात सोयाबीनचा भुसा, आणि पाजणाऱ्या प्रत्येकीला मका-गव्हाचा भरडा ३०० ग्रॅम. कोकरं जन्मली तेव्हा सरासरी ३ किलोची होती, महिन्याची झाली तेव्हा साडेसात. सगळे खूश. पण दोन महिन्यांची झाली तरी काटा जेमतेम साडेनऊ दाखवतो. पाच जुळी आहेत, ती आणखी मागे.

बाबा म्हणतात, भरडा अर्धा किलो करू, दूध वाढेल. आजीचं म्हणणं, या मेंढ्यांची वाढ एवढीच. आजी सकाळी चार-पाच मेंढ्यांचं थोडं थोडं दूध चहापुरतं काढते, तेही सांगून ठेवतो. खुराक वाढवायचा तर कशाने वाढवू?

देवासची_माई

आधी जंत बघ रे बाळा. मेंढी व्याली की त्या दिवसांत तिच्या लेंड्यांतून जंतांची अंडी एरवीपेक्षा कितीतरी जास्त पडतात, आणि कोकरं तोंड लावायला लागतात तीही त्याच जमिनीवर. मेंढीची खालची पापणी ओढून आतला रंग बघ. लालसर असेल तर ठीक, पांढरट दिसली तर रक्तपिती जंत समज. महिना-दोन महिन्यांच्या कोकरांना रक्ती हगवणही होते. शेपटाखालची लोकर घाण झालेली दिसतेय का? उगाच औषध पाजू नकोस. आठ-दहा जणींच्या ताज्या लेंड्या डबीत घालून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ने, तपासून देतील.

पशुखाते_निवृत्त (इंदूर)

माईंचं बरोबर आहे, लेंड्या तपासून घ्याच. पण तुम्ही वजनं केलीत हे फार चांगलं झालं, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. माझी सगळी नोकरी माळवा-निमाडात जनावरांमागे गेली, आणि कोकरं तोलणारा मेंढपाळ मला फार क्वचित भेटला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या महिन्यात साडेचार किलो वाढ, म्हणजे दिवसाला १५० ग्रॅम. कोकराच्या अंगावर एक किलो चढायला आईचं साधारण पाच लिटर दूध लागतं. त्या हिशेबाने १५० ग्रॅमला पाऊण लिटर झालं. ३०-३२ किलोच्या मेंढीने रोज एवढं दूध द्यावं, यात तिला नाव ठेवायला जागा नाही. आजींना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की मेंढ्या चांगल्या आहेत.

आता दुसरा महिना. दोन किलो, म्हणजे दिवसाला ६५-७० ग्रॅम. तोच हिशेब लावला तर हे साडेतीनशे मिलिलिटरचं काम आहे. मेंढीचं दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरात येतं आणि मग उतरत जातं. दोन महिन्यांनी निम्म्यावर येणं नेहमीचंच. तेव्हा तुमची कोकरं दोन महिन्यांची झाली तरी दुधाखेरीज कशावरही वाढत नाहीयेत. दूध घटलं तशी वाढ घटली, आणि घटलेल्या दुधाची भरपाई करणारं काही त्यांच्या पोटात जात नाहीये.

म्हणून आता आईचा भरडा वाढवू नका. उतरणीला लागलेलं दूध धान्य घालून परत वर चढत नाही, ते तिच्या पाठीवर चरबी होऊन बसतं. बाबांचा विचार खरा आहे, फक्त त्याची वेळ विण्याच्या आगेमागे. गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराची सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, कासही तेव्हाच तयार होते. विण्याआधीचे ते सहा आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे, तिच्यापुढे हात आखडायचा नाही. पुढच्या खेपेला त्या दिवसांत भरडा ३०० वरून ५०० करा, पण दहा-बारा दिवसांत हळूहळू. एकदम धान्य पडलं की पोटात आंबतं आणि मेंढी खाणंच सोडते.

आज काय करायचं? प्रत्येक मेंढीच्या कमरेवर बोटं दाबून कणा चाचपा. हाडाची टोकं बोटाला टोचली तर तिचा खुराक तसाच ठेवा, जुळ्यांच्या आयांचा तर ठेवाच. बाकीच्यांचा हळूहळू १५० ग्रॅमवर आणा, आणि वाचलेला कोकरांना द्या. पण आईबरोबर एकाच गव्हाणीत नाही, मोठ्या मेंढ्या त्यांना टिकू देत नाहीत. वाड्याचा एक कोपरा बांबूने बंद करा आणि उभ्या बांबूंमध्ये वीतभर फट ठेवा. कोकरू आत जातं, आई बाहेर राहते. कोपरा उजेडाचा आणि कोरडा हवा, आत उथळ पाटीत स्वच्छ पाणी हवं. पाण्याशिवाय कोकरू सुकं खात नाही. पुढच्या खेपेला हा कोपरा कोकरं दोन आठवड्यांची झाली की उघडा. तेव्हा ती चिमूटभरच चघळतील, पण त्या चघळण्यानेच पोटाचा मोठा कप्पा तयार होतो. तो सहा-आठ आठवड्यांत तयार झाला की दूध उतरल्याचा धक्का बसत नाही.

आता कशाने, ते. मक्यात प्रथिनं नऊ टक्के, गव्हात अकरा-बारा, सोयाबीनच्या भुशात चार-पाच. या तिन्हींवर दूधही धड बनत नाही आणि मांसही. ढेप आणि कोंडा घाला. इंदुरात सोया डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीनची ढेप, मिळणं अवघड नाही, त्यात प्रथिनं पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. मेंढ्यांसाठी शंभर किलोत मका ५५, डीओसी १५, गव्हाचा कोंडा २७, खनिज मिश्रण २, मीठ १. हे सोळा टक्क्यांच्या जवळ जातं. कोकरांसाठी मका ५०, डीओसी २८, कोंडा १९, आणि खनिज मिश्रण, चुनखडीची भुकटी, मीठ प्रत्येकी १. हे वीस टक्क्यांच्या जवळ. चुनखडी टाळू नका. कोंड्यात स्फुरद फार, आणि कॅल्शियम कमी पडलं तर नर कोकरांना मुतखडा होतो. ५० ग्रॅमपासून सुरू करून २०० ते २५० ग्रॅमपर्यंत न्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. त्यात तांबं असतं, आणि मेंढीच्या यकृतात ते साठत जातं. कित्येक दिवस काही दिसत नाही, मग एकदम डोळे पिवळे, लघवी गडद, आणि मेंढी हातची जाते. मेंढ्यांचं मिश्रण वेगळं मागून घ्या. युरिया घातलेलं पशुखाद्यही कोकरांच्या तोंडी लागू देऊ नका.

बडोद्याची_सून

दुधाबद्दल थोडं. माझं सासर बडोद्याचं, आमच्या ओळखीतले भरवाड पाटणवाडी मेंढ्या पाळतात आणि त्यांचं दूध काढतातही. पाटणवाडी दुधाला नावाजलेली, तरी तेही पहिले दोन महिने कोकरांच्या तोंडचं काढत नाहीत. मेंढीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाहून बराच जास्त. आजींनी अर्धा कप घेतला तरी कोकराचा वीस-पंचवीस ग्रॅमचा दिवस गेला. आजींना दुखवू नका, फक्त जुळ्यांच्या आया वगळायला सांगा आणि उरलेल्यांचं कोकरं आयांपासून तुटल्यावर काढू द्या.

आणि जुळी वेगळी बांधा. जुळ्यांची आई एकट्या कोकराच्या आईपेक्षा तीस-चाळीस टक्के दूध जास्त देते, पण ते दोघांत वाटलं जातं. एकाच गव्हाणीत सगळ्यांबरोबर उभी राहिली तर तिला तिच्या कामाचं मिळत नाही.

खंडवारोड_मेंढ्या

सगळ्यांचे मनापासून आभार. माई, पापण्या बघितल्या, सहा-सात जणींच्या फिकट आहेत, उद्या लेंड्या घेऊन महूला जातो. जुळ्यांच्या आया आजपासून वेगळ्या. आजीला सांगितलं, ती म्हणाली, “आधी सांगायचं की!”

काका, दोन शंका. घरात सोयाबीन पडलंय, डीओसी विकत आणण्यापेक्षा तेच भरडून घातलं तर? आणि कोकरांना एवढं धान्य सोसेल का? गेल्या वर्षी शेजारच्या कळपात धष्टपुष्ट कोकरं संध्याकाळी खाऊन झोपली आणि सकाळी मेलेली सापडली. आई त्या धास्तीने कोकरांना दाणा दाखवू देत नाही.

पशुखाते_निवृत्त (इंदूर)

आईंची भीती खरी आहे. धष्टपुष्ट कोकरू रातोरात मरतं तो बहुतेक वेळा आंत्रविषार असतो. त्याचे जंतू आतड्यात आधीपासून असतात, पोटात धान्य किंवा दूध वाजवीपेक्षा जास्त साचलं की ते झपाट्याने वाढतात आणि विष सोडतात. दुबळ्या कोकरापेक्षा खाणारं कोकरू आधी जातं ते यामुळेच. पण त्यावर लस आहे, दाणा बंद करायची गरज नाही. विण्याआधी महिनाभर आईला टोचली असेल तर चिकातून कोकराला काही आठवडे संरक्षण मिळतं. यंदा टोचली नसेल तर उद्या महूला जाताच आहात, तिथेच कोकरांच्या लसीचं विचारा. पहिली टोचली की दोन-तीन आठवड्यांनी दुसरी लागते, एकीवर भागत नाही. दुसरी होईपर्यंत दाणा १०० ग्रॅमवरच ठेवा, तोही दोन वेळा विभागून आणि भुसा खाऊन झाल्यावर.

सोयाबीन कच्चं नको. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. मोठ्या मेंढीचं पोट तो बऱ्यापैकी निभावतं, कोकराचं नाही. शिवाय वीस टक्के तेल. भाडभुंजाकडे हरभरे भाजतात तसं भाजून घेतलंत, दाणा आतपर्यंत तांबूस झाला, तर भरडून डीओसीच्या निम्म्या जागी घालू शकता. कच्चं आणि युरिया तर कधीच एकत्र नको, त्यातून अमोनिया सुटतो.

भरडा एका वेळी पंधरवड्यापुरताच दळा. बुरशीचा वास आला तर तो कोकरांना नको आणि मेंढ्यांनाही नको, फेकून द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा वजनं करा, जुळ्यांची वेगळी लिहा, आणि इथे टाका. रोजची वाढ शंभर ग्रॅमच्या वर गेली तर तीन महिन्यांची झाल्यावर कोकरं आयांपासून तोडता येतील. नाही गेली तर लेंड्यांचा अहवाल घेऊन पुन्हा बोलू.