मदत हवी आहे: १३ व्या स्तोत्राला मंडळीने गावी अशी चाल

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

परळच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) लेंतच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील, उपासनेसाठी बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १३ वे स्तोत्र, त्याचे पद्यरूपांतर न करता, पवित्र शास्त्रातील शब्दांतच गाण्याचा विचार आहे. रेव्ह. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजने आपण सहज गातो, कारण ती अभंग-ओवीच्या मापात बसलेली आहेत. हिब्रू काव्य मात्र यमकावर नव्हे, तर एकच भाव दोन ओळींत फिरवून सांगण्यावर उभे असल्याने मराठी वचने लहानमोठी होतात आणि केरव्याच्या (आठ मात्रांच्या तालाच्या) ठेक्यात शब्द ओढूनताणून बसवावे लागतात.

पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तो मंडळीने ध्रुपदासारखा म्हणावा आणि मधला मजकूर एकाने पेटीच्या एका स्वरावर तालाविना म्हणावा, असे मला वाटते. पाचव्या वचनात तक्रार थांबून भरवसा सुरू होतो; तिथे राग बदलावा की सुरुवातीच्या जोगिया रागातच राहून फक्त ठेका सुरू करावा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण स्तोत्रकर्त्याची परिस्थिती तिथे बदललेली दिसत नाही. काही वडीलधाऱ्यांना रागदारीची भीती वाटते, की मंडळी गाणार नाही, नुसती ऐकत बसेल. ही शंका मलाही रास्त वाटते.

कोणी अशी गद्य वचने मंडळीकडून गाऊन घेतली असल्यास श्वासाच्या जागा कशा ठरवल्या, हे कृपया कळवावे. स्वरलिपी किंवा ध्वनिमुद्रण मिळाल्यास फार उपयोग होईल.