टोनीचा सूट पीटरने घ्यावा का? (अनुभव धागा)

सुट्टीत भाचरांबरोबर स्पायडरमॅनचे सिनेमे पुन्हा बघून झाले आणि घरात दोन तट पडले. पंधरा वर्षांच्या पीटर पार्करने, म्हणजे स्पायडरमॅनने, टोनी स्टार्कने (आयर्न मॅनने) बनवून दिलेल्या सूटवर विसंबावं की नाही? नुसती मतं नकोत. तुमच्या कामात कुणा गुरूने हातात दिलेलं यंत्र आठवत असेल तर तेही लिहा. बॅटमॅनवाल्यांना मज्जाव नाही.

*

मी कोल्हापुरात गाडी शिकवतो. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. काही पोरं पाय उचलतच नाहीत, सर दाबतील म्हणून! त्यांना मी मोकळ्या मैदानात नेऊन सांगतो, आज माझे पाय सीटवर, मांडी घालून.

'होमकमिंग' सिनेमात हीच गंमत आहे. टोनीने सूटमध्ये मर्यादा घातलेली, पीटरचा मित्र नेडने ती उठवली. पण तोवर पीटरच्या शेजारी बसून कुणी शिकवलं होतं? टोनी गायब, आणि त्याचा माणूस हॅपी होगन मेसेजला उत्तर देईल तर शपथ. जाळं सोडायचे ५७६ प्रकार आणि वर थेट ठार मारायची सोय एका शाळकरी पोराच्या अंगात घालायची, आणि फेरीबोट दुभंगली की सूट काढून घ्यायचा. माझ्या मते नापास टोनी.

*

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. माझं कॉमिक्सचं वेड फोर्टच्या फुटपाथवरच्या जुन्या अंकांपासूनचं. १९६२च्या पहिल्या कथेत पोशाख पीटरनेच शिवलाय आणि मनगटावरचं जाळं फेकणारं यंत्रही त्यानेच बनवलंय. म्हणजे पोरगा मुळात कारागीर. सिनेमातही जाळ्याचं रसायन तो शाळेच्या प्रयोगशाळेत, बाकाच्या खणात लपवून तयार करतो. टोनीच्या सूटने त्याचा वापरकर्ता करून टाकला, हे मला खटकतं.

२००६मध्ये कॉमिक्समध्येही टोनीने त्याला लाल-सोनेरी सूट दिला, पाठीला तीन यांत्रिक हातांसकट. दोघांचं फाटलं तेव्हा कळलं की सूट बंद पाडायची सोय टोनीने आतच ठेवली होती. पीटरने ती आधीच हुडकून निकामी केली होती. शाब्बास! गुरूचं यंत्र जरूर घ्यावं, पण उघडून बघितल्याशिवाय अंगात घालू नये.

आणि 'होमकमिंग'मधला, सूटशिवाय पीटर ढिगारा उचलून बाहेर येतो तो प्रसंग ज्यांना आवडतो त्यांनी स्पायडरमॅन कॉमिकचा १९६६चा तेहतिसावा अंक मिळवून वाचाच. चित्रकार स्टीव्ह डिट्कोने पीटरचं अंगावर पडलेलं ते अवजड यंत्र उचलणं पानंच्या पानं लांबवलंय. सिनेमाला ती सर नाही.

*

मी भूलतज्ज्ञ, शिकाऊ. वरच्या दोघांशी असहमत.

आमच्या सरांच्या पिढीने हातापायाच्या नसा बधिर करताना बोटांनी चाचपून, शरीरावरच्या खुणा धरून सुई घातली. मी सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत घालते. मग मी कच्ची का? टेबलावरच्या माणसाला माझ्या स्वावलंबनाशी काय देणंघेणं? त्या बोटीवरच्या प्रवाशांनाही नव्हतं. बोट शेवटी सांधली ती टोनीच्या यंत्रांनीच. आकाशातून तळ्यात पडला तेव्हा पीटरला बाहेर काढलं टोनीने पाठवलेल्या सूटने. पुढे अंतराळयानावर श्वास कोंडला तेव्हाही नवा सूट वेळेवर येऊन बिलगला. 'स्वतःच्या बळावर' हे ऐकायला बरं वाटतं, पण पोरगा जिवंत राहिला तर!

हां, मशीन दुसऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलं असलं की सर मुद्दाम मलाच पुढे करतात आणि खुणांवरून नस शोधायला लावतात. तेव्हा मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

*

बॅटमॅनवाला हजर. 'बॅटमॅन बियाँड' ही कार्टून मालिका (१९९९) बघा. टेरी नावाचा पोरगा म्हाताऱ्या ब्रूस वेनचा, म्हणजे मूळ बॅटमॅनचा, सूट चोरतो, आणि ऐन मारामारीत ब्रूस घरबसल्या तो गोठवतो. पोरगा मार खातोय आणि आजोबा तत्त्वाला चिकटून! पुढे दोघांचं जमतं, कारण ब्रूस रोज रात्री त्याच्या कानात बोलत असतो. कोल्हापूरकरांना अनुमोदन.

*

सूटपेक्षा चष्म्याची चर्चा करा. टोनी मेल्यावर पीटरला मिळालेला 'एडिथ', म्हणजे ड्रोनच्या अख्ख्या फौजेची किल्ली. ती त्याने चार दिवसांच्या ओळखीवर बेकला, म्हणजे मित्राचं सोंग घेतलेल्या खलनायकाला, देऊन टाकली. मी सर्व्हर सांभाळतो. एक सीनिअर नोकरी सोडताना सगळे पासवर्ड नव्या मुलाच्या हाती देऊन गेले होते. कशाला हात लावायचा नाही, एवढं सांगायचं राहिलं. तो बिचारा महिनाभर कुठलंही बटण दाबायला घाबरायचा. बेकपेक्षा हे बरं म्हणायचं.

*

आपल्या पवित्र प्रभाकरला विसरलात? २००४चा मुंबईचा स्पायडरमॅन. ना टोनी ना सूट. शक्ती एका योग्याकडून, आणि खाली धोतर. वॉरंटीचा प्रश्नच नाही.

*

मी शिवणक्लास घेते. लेकीने 'नो वे होम'चा शेवट दाखवला. जग पीटरला विसरलंय, भाड्याची खोली, आणि तो नवा पोशाख स्वतः शिवतोय. बघून बरं वाटलं, पण एक सांगते. अंगाला चिकटणारं, ताणणारं कापड साध्या सरळ टिपेने शिवलं तर पहिल्या उडीलाच धागा तटातट तुटणार. झिगझॅग घालावी लागते नाहीतर ओव्हरलॉक, आणि सुई गोल टोकाची, नाहीतर कापडाला भोकं पडतात. हे त्याला टोनीने नक्कीच शिकवलं नसणार. त्याला वाढवणाऱ्या मे काकूने शिकवलं असेल, तर या धाग्यात तिचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही?