मेमरी कार्डावर लिहिलंय १००, मिळतात १४. कार्ड नकली की मीच चुकतोय?

खटपट्या:
१२८ जीबीचं मायक्रोएसडी घेतलं. पाकिटावर ठळक '१०० एमबी/सेकंद'. कार्डावर 'यू'च्या पोटात १ आणि शेजारी 'ए१', चष्मा लावूनही जेमतेम दिसतं. फोनमधल्या स्पीड टेस्टच्या अ‍ॅपने लिहिण्याचा वेग ३१० दाखवला, म्हणून खूश झालो. मग लॅपटॉपवरून केबलने ४ जीबीचे व्हिडिओ टाकले तर साडेचार मिनिटं लागली, म्हणजे सेकंदाला १४-१५. खरं कोणाचं मानायचं? त्यात कार्डावर हलवलेली अ‍ॅप्स उघडताना रडतात ती वेगळीच.

निवांत:
३१० विसरा. तुमचं कार्ड यूएचएस-१ जातीचं, म्हणजे फोनशी बोलण्याच्या त्या पद्धतीचं. त्याची मानकातली कमाल मर्यादाच १०४ आहे. तुमच्या अ‍ॅपने छोटी फाइल लिहिली, ती रॅममध्येच राहिली आणि मोजला गेला रॅमचा वेग. फाइल रॅमपेक्षा मोठी हवी. पाकिटावरचे १०० वाचण्याचे असतात, लिहिण्याची हमी यू१ला फक्त १० ची. तेव्हा १४ वर भांडता येणार नाही. शिवाय केबल यूएसबी २ ची असेल तर ३५-४० च्या वर काही जात नाही. कार्ड काढून यूएसबी ३ च्या रीडरमध्ये घाला आणि मग मोजा.

जुनं खोड:
वेग राहू द्या, आधी कार्ड खरंच १२८ चं आहे का ते बघा. माझं ६४ चं कार्ड आतून ८ चं निघालं. ८ भरेपर्यंत सगळं छान चाललं होतं, नंतरचे फोटो मात्र वर अर्धं आकाश आणि खाली करडा पट्टा. तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ ही सॉफ्टवेअर. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. वेगही कळतो. आधी कार्ड रिकामं करा, नाहीतर उरलेली जागाच तपासली जाईल.

खटपट्या:
केलं. दोन तास गेले. लिहिणं २२, वाचणं ८८, चूक एकही नाही. ११९ जीबीच दिसले तेव्हा पोटात गोळा आला होता, पण कंपनी १००० ने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने, तो घोळ, हे नंतर आठवलं. मग अ‍ॅप्स का रडतात?

निवांत:
कारण अ‍ॅप सलग लिहीत नाही, टिचभर तुकडे इकडेतिकडे लिहितं. ए१ची हमी सेकंदाला ५०० वेळा लिहिण्याची. एका वेळी ४ केबी धरा, झाले २ एमबी! तुमचे २२ तिथे उपयोगाचे नाहीत. ए२ म्हणजे २०००, पण त्यासाठी फोननेही साथ द्यावी लागते, आणि बरेच फोन देत नाहीत. ४के व्हिडिओला मात्र हे कार्ड पुरेल. त्याला सेकंदाला ५० मेगाबिट धरा, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे जेमतेम सव्वासहा एमबी.

खटपट्या:
अ‍ॅप्स परत फोनवर आणली. तेवढ्यासाठी ९ जीबीचे व्हिडिओ कार्डावर ढकलावे लागले. सात मिनिटं, घड्याळ लावून मोजली.